कर्नेल पॅनिक आणि तातडीची सभा

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सोमवारी सकाळी सुरूच होईना. लिनक्सचं नवं कर्नेल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, आदल्या रात्री अपडेटमधून आलं होतं, आणि सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं : 'कर्नेल पॅनिक', पुढे 'अनेबल टू माउंट रूट एफएस'. सगळ्यात आधी पॅनिक झाले ते खजिनदार, कारण मेन्टेनन्सची थकबाकी कुणाकडे किती, हे फक्त त्या डबड्यालाच ठाऊक. थकबाकीदार मात्र विलक्षण शांत होते.

तातडीची सभा बोलावली. ती कोरमअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि मग त्याच जागी, तेवढ्याच माणसांत रीतसर भरली.

सेक्रेटरी म्हणाले, "फुकटच्या मालाचं हे असंच व्हायचं." लिनक्स बसवलं त्या वर्षीच्या अहवालात 'शून्य खर्चात संगणकीकरण' हे वाक्य त्यांनीच घातलं होतं. माजी अध्यक्षांनी तर मुळावरच घाव घातला, "1991 साली फिनलंडमधल्या एका कॉलेजातल्या पोराने छंद म्हणून केलेली वस्तू ही! तिच्यावर हिशेब ठेवायचे?" लिनस टोरवाल्ड्स तेव्हा 21 वर्षांचा होता आणि सुरुवातीला त्यानेही याला छंदच म्हटलं होतं, हे खरं. जगातले सर्वांत वेगवान 500 महासंगणक आज त्याच छंदावर चालतात, आणि सभेत ज्यांच्या हातात अँड्रॉइड फोन होते, तेही. पण हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

लिनक्स 6.12 पासून पॅनिकच्या पडद्यावर क्यूआर कोड दाखवायचीही सोय झाली आहे, अशी माहिती कुणीतरी पुरवली. खजिनदारांनी लगेच विचारलं, "म्हणजे पैसे तिथेच भरायचे का?"

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या, इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीला बोलावलं.

"काका, शेवटचं काय केलं होतंत?"

"काहीच नाही."

"अपडेट होताना काही लाल अक्षरं आली होती?"

"आली होती. मध्ये मध्ये येत होती म्हणून ओके केलं."

तिने मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि सुरुवातीलाच शिफ्टचं बटण दाबून धरलं. (नव्या धाटणीच्या मशीनला एस्केप लागतं म्हणे.) कोणतं कर्नेल सुरू करायचं ते विचारणारा 'ग्रब'चा मेनू आला. त्यातल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन तिने आधीचं कर्नेल निवडलं, आणि कॉम्प्युटर निमूटपणे सुरू झाला. थकबाकीदारांचे चेहरे उतरले. माजी अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली, "पाहिलंत? जुनं ते सोनं!"

"थांबा काका," म्हणत तिने 'डीएफ' आज्ञा चालवली. बूटचं पार्टिशन : 100 टक्के भरलेलं.

दर अपडेटला नवं कर्नेल येत गेलं आणि जुनं एकही गेलं नाही. काही शे एमबीची ती जागा, तिथे सगळे ठाण मांडून बसलेले. नवं आलं तेव्हा कर्नेल कसंबसं मावलं, पण त्याच्या सोबतची 'इनिटरॅमएफएस' ही फाइल लिहायला जागाच उरली नाही. डिस्कपर्यंत पोचायला लागणारे ड्रायव्हर असतात ते याच फाइलमध्ये. ती नाही म्हटल्यावर कर्नेल जागं झालं, पण त्याला डिस्क काही सापडेना.

थोडक्यात, नवं कर्नेल बिघडलेलं नव्हतंच. जुन्यांनी जागा अडवली म्हणून ते अर्धं आलं, आणि अर्धं आलं म्हणून नालायक ठरलं.

आमच्या कार्यकारिणीत विद्यमान, माजी, सल्लागार आणि कायम निमंत्रित असे चार थर आहेत. गेल्या निवडणुकीत एक तरुण सभासद निवडून आला, त्याला ना खुर्ची मिळाली, ना कपाटाची किल्ली, ना पासबुक. 'आजकालच्या पोरांना काही जमत नाही' असा शेरा मात्र इतिवृत्तात वेळेवर नोंदला गेला. साम्य सभेच्या लक्षात आलं असावं. बराच वेळ कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मुलीने 'यूनेम' विचारून सध्या चालू असलेलं कर्नेल कोणतं ते पाहिलं. त्याला हात न लावता त्याच्या आधीची सगळी काढली, अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी केली, इनिटरॅमएफएस पुन्हा बनवली, ग्रब अद्ययावत केलं. मशीन नव्या कर्नेलवर सुरू झालं.

"एक जुनं ठेवायचं, काका. अडीनडीला लागतं. सगळी ठेवायची नाहीत."

"मग बाकीच्यांचं काय करायचं?" माजी अध्यक्षांनी सावधपणे विचारलं.

"ऑटोरिमूव्ह."

इतिवृत्तात पुढील नोंद आहे. ठराव क्र. 1 : 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा वार्षिक सर्वसाधारण सभेच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेच्या हद्दीत कोणीही चालवू नये. सूचक : माजी अध्यक्ष. अनुमोदक : त्यांच्याआधीचे माजी अध्यक्ष. ठराव एकमताने मंजूर.