जुन्या गाडीचे साहेब

महाराष्ट्रातील मोटारींच्या शोरूममध्ये वावरणाऱ्या मनुष्यवर्गाचा विचार करू लागले की नवी गाडी विकणाऱ्या, टाय लावलेल्या तरुणाकडेच सर्वांचे लक्ष जाते, आणि हा एका दुसऱ्या, अधिक व्यासंगी माणसावर अन्याय आहे. कारण टायवाला तरुण डिलिव्हरीच्या दिवशी गाडीला हार घालून, पेढ्यांच्या बॉक्ससह फोटो काढून ग्राहकाच्या आयुष्यातून निघून जातो, तर मागच्या बाजूला पाण्याच्या कूलरशेजारी बसणारा एक्स्चेंज मॅनेजर, म्हणजे जुनी गाडी मोलात धरून घेणारा अधिकारी, त्याच दिवशी त्या आयुष्यात प्रवेश करतो. जुन्या गाडीवर कर्ज शिल्लक असेल, तर त्याचा मुक्काम बराच लांबतो.

हा गृहस्थ साधारण चाळिशीचा असतो. त्याच्याजवळ दोन मोबाइल असतात, एक ग्राहकांसाठी आणि दुसरा जुन्या गाड्यांच्या दलालांसाठी, आणि यांपैकी दुसरा पहिल्याच रिंगला उचलला जातो. पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाला तो ‘काका’, त्याआतल्याला ‘सर’ आणि समस्त स्त्रीवर्गाला ‘मॅडम’ म्हणतो. गाडीची किंमत ठरवताना तो तिच्याभोवती सावकाश प्रदक्षिणा घालतो, दाराच्या कडेवर बोटाने टकटक करतो, टायरांकडे पाहून सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, “काका, गाडी जपलीय तुम्ही, पण मार्केट पडलंय.” मार्केट कधी चढले होते याची नोंद कोणत्याही शोरूममध्ये आढळत नाही.

त्याचे खरे कसब कळण्यासाठी व्यवहाराची रचना थोडी समजून घ्यावी लागते. बँकेच्या कर्जावर घेतलेली गाडी हायपोथिकेशनखाली असते, म्हणजे ती मालकाच्या दारात उभी असली तरी बँकेकडे तारण असते, आणि मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 51 प्रमाणे ही गोष्ट आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर नमूद असते. ही नोंद, बोलीभाषेतील ‘एचपी’, उतरवायची तर कर्ज फेडून बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 आरटीओकडे द्यावे लागतात, आणि बँकेच्या संमतीवाचून गाडी दुसऱ्याच्या नावे होत नाही. आता समजा, जुन्या गाडीचे मोल 6,00,000 रुपये ठरले आणि तिच्यावर 4,00,000 रुपयांचे कर्ज आहे, तर शोरूमने 4,00,000 रुपये बँकेत भरायचे आणि उरलेले 2,00,000 रुपये नव्या गाडीच्या किमतीत वळते करायचे, असा हा साधा हिशेब असतो. त्यातील दुसरा भाग त्याच दिवशी पार पडतो, कारण तो नव्या गाडीच्या बिलावर छापलेला असतो. पहिला भाग शब्दावर असतो, आणि ग्राहक मात्र पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी फॉर्म 29, फॉर्म 30 आणि फॉर्म 35 वर सह्या करून, तारखेच्या जागा कोऱ्या सोडून, आनंदाने घरी जातो.

दोन-चार दिवसांत कंपनीचा फोन येतो आणि शोरूमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल असे विचारले जाते. या फोनची वेळ मोठी मार्मिक असते, कारण जुन्या कर्जाचा पुढचा हप्ता तोवर कापला गेलेला नसतो. ग्राहक दहापैकी दहा देतो.

मग हप्ता कापला जातो. एकाच महिन्यात नव्या गाडीचा आणि दारात नसलेल्या गाडीचा, असे दोन हप्ते गेल्याचे पाहून ग्राहक फोन करतो, आणि येथून एक्स्चेंज मॅनेजरच्या प्रतिभेला बहर येतो. फाइल अकाउंट्सला गेलेली असते. अकाउंट्सने ती हेड ऑफिसला पाठवलेली असते. हेड ऑफिसमध्ये एन्ट्री मारणारा हजर असतो पण तिला मंजुरी देणारा साहेब गावाकडे लग्नाला गेलेला असतो. आणि तो परत आला की बँकेला सुटी असते. आरटीजीएस ही मोठ्या रकमा पाठवण्याची सोय 14 डिसेंबर 2020 पासून वर्षाचे सर्व दिवस, अहोरात्र चालू आहे, ही वार्ता या टेबलापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. “पैसे गेलेत काका, रिफ्लेक्ट व्हायला वेळ लागतो,” असे तो सांगतो, आणि ग्राहकाने यूटीआर, म्हणजे बँकेतून अशा प्रकारे पाठवलेल्या रकमेला मिळणारा ओळखक्रमांक, मागितला की त्याचा आवाज एकाएकी तुटू लागतो.

या सर्व काळात त्याचा स्वर कधीही चढत नाही, हे नमूद केले पाहिजे. चिडलेल्या ग्राहकाला तो चहा देतो, खुर्ची देतो, पंख्याची दिशा बदलून देतो आणि त्याच्यादेखत अकाउंट्सला फोन लावून तेथील कोणा मुलाला झापतो, ज्यामुळे ग्राहकालाच त्या मुलाची कीव येते. एनओसी सोडून सर्व काही या टेबलावर मिळते.

त्याला लबाड म्हणून मोकळे होणे सोपे असले तरी ते निदान अपुरे आहे. शोरूममधल्या चकचकीत गाड्या बहुधा मालकाने उधारीवर, इन्व्हेंटरी फंडिंग नावाच्या कर्जावर उभ्या केलेल्या असतात आणि त्या कर्जाचे व्याज रोज चढत असते. अशा घरात ग्राहकाच्या जुन्या कर्जापोटी भरायचे 4,00,000 रुपये जितके दिवस न भरता राहतील तितके दिवस ते बिनव्याजी भांडवल असते, आणि याहून स्वस्त पैसा कोणतीही बँक देत नाही. त्यातून जुनी गाडी दलालाला विकली जाऊन त्याचे पैसे आले की त्यातूनच तिचे कर्ज भरायचे, असा दंडक पडला की दलाल अडला म्हणजे ग्राहकही अडतो. एक्स्चेंज मॅनेजरला पैसे सोडण्याचा अधिकार मुळीच नसतो. त्याला अधिकार असतो तो फक्त गोड बोलण्याचा, आणि पगारही बहुधा त्याचाच मिळतो. या दृष्टीने पाहता तो मालकाचा कर्जवसुली अधिकारी आहे, फक्त उलट्या दिशेने काम करणारा.

दिरंगाईचे गणितही स्वतंत्रपणे रंजक आहे. बँकेच्या फोरक्लोजर लेटरमध्ये, म्हणजे मुदतीपूर्वी कर्ज मिटवण्याच्या पत्रात, लिहिलेली रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच खरी असते. सव्वानऊ टक्के दराने 4,00,000 रुपयांवर दिवसाला सुमारे 100 रुपये व्याज चढत राहते. शोरूमने दहा दिवस उशिरा जुन्याच पत्राप्रमाणे पैसे भरले, तर हजारभर रुपये कमी पडतात आणि कर्जाचे खाते उघडेच राहते. तो हजार रुपयांचा फरक कोणी भरायचा यावर जी चर्चा होते, ती ऐकता कर्जाची मूळ रक्कम अगदीच क्षुल्लक वाटू लागते.

दरम्यान गाडीचे काय झाले, हे ग्राहकाला फास्टॅगमुळे कळते. मॅनेजरच्या निवेदनानुसार यार्डात डेंटिंगसाठी उभी असलेली गाडी रात्री खालापूरचा टोल भरून मुंबईकडे गेल्याचा संदेश जुन्या मालकाच्या मोबाइलवर येतो, पैसेही त्याच्याच खात्यातून जातात, आणि पुढे वेगमर्यादा ओलांडल्याचे ई-चलनही सचित्र येते. येथे विनोद थोडा थांबतो. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी हातोहात विकली गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचे नाव, तोच मालक. जुन्या गाड्या घेणाऱ्या अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी गेल्याची सूचना फॉर्म 29सी ने देण्याची तरतूद 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आहे, परंतु त्या फॉर्मचे नाव काढताच मॅनेजर ज्या कुतूहलाने पाहतो, ते पाहून ग्राहकालाच आपण जास्त बोललो असे वाटते. संतापून जुना हप्ता थांबवावा, तर थकबाकी ग्राहकाच्याच नावे लागते आणि 300 ते 900 मध्ये मोजला जाणारा त्याचा सिबिल स्कोअर उतरतो. बँकेचा करार त्याच्याशी असतो, शोरूमशी नव्हे.

अखेर एखादा निवृत्त, कागद जपणारा ग्राहक ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाण्याची लेखी नोटीस पाठवतो. 5,00,000 रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगाचे शुल्क लागत नाही आणि त्यापुढेही ते किरकोळच असते, हे त्याने आधीच पाहून ठेवलेले असते. नोटीस वाचून मॅनेजर मनापासून दुखावतो. “काका, आपल्यात हे कशाला?” असे तो विचारतो, आणि प्रश्न खरा असतो, कारण इतक्या फोनांनंतर दोघांत नाते तयार झालेलेच असते.

तरीही कर्ज फिटते ते बहुधा नोटिशीमुळे नाही. कराडकडच्या कोणा शेतकऱ्याने ती गाडी घेतलेली असते, आरसी नावावर झाल्याशिवाय उरलेले पैसे देणार नाही असे त्याने दलालाला खडसावलेले असते, दलाल दुसऱ्या मोबाइलवर ओरडतो, आणि जे काम अनेक आठवडे हेड ऑफिसात अडले होते ते दुपारच्या जेवणाआधी होते. एनओसी येते, एचपी उतरते. मात्र नाव बदलण्याच्या ऑनलाइन अर्जासाठी जुन्या मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि तो सांगितल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. त्या संध्याकाळी मॅनेजरचे फोनावर फोन येऊ लागतात. ग्राहक ते वाजू देतो, आणि शेवटी एक उचलून, अत्यंत मार्दवाने, आपण जरा लग्नाला गावाकडे आलो असून उद्या सकाळी नक्की पाहतो, असे सांगतो.