न विचारता चार इस्पिक

रविवारी रात्री शेजारचे नाना-नानी धुळ्याहून ब्रिजची स्पर्धा खेळून आले ते एसटीत वेगवेगळ्या सीटांवर बसून. आमच्या गल्लीतला एक जण त्याच गाडीत होता, म्हणून कळलं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, दोघांत एक शब्द नाही. भांडण झालं असावं हे उघडच होतं. कशावरून, ते सोमवारी सकाळी कंपाउंडच्या भिंतीशी कळलं.

नानी खाटेवर जुनं धोतर अंथरून बिबडे थापत होत्या. थापत कसल्या, ज्वारीवर राग काढत होत्या.

"काय वं नानी, कसा झाला धुळ्याचा डाव?"

"डाव? दोन हातांनी बुडाला. चार इस्पिक बोलले ना!"

"कोण?"

"कोण म्हणजे? मला न विचारता दुसरं कोण बोलतं घरात?"

नानांना ब्रिजचा नाद नोकरीत असल्यापासून. रिटायर झाल्यावर चौथा भिडू मिळेना, म्हणून त्यांनी नानींनाच शिकवलं. नानी मूळच्या मेंढीकोटवाल्या. डोळ्याच्या इशाऱ्यावर भिडूकडून दश्शी काढून घेणारी बाई. तिला ब्रिज शिकवणं म्हणजे तिची भुवई बांधून ठेवणं. इथे भिडूशी बोलायला पंधराच शब्द: एक ते सात आकडे, चार रंग, बिनहुकूम, आणि पास, डबल, रिडबल. तेही तोंडाने नाहीत, मोठ्या स्पर्धांत डब्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवायचं, म्हणजे आवाजाच्या चढउतारातूनही काही कळायला नको. भिंतीशी रोज तासभर उभ्या राहणाऱ्या आम्हा दोघींना हे ऐकूनच धाप लागते.

मी घरातून पत्त्यांचा जोड आणला. "मांडा बरं."

नानींनी पिठाचे हात पदराला पुसले आणि भिंतीवर पानं लावली. नानांचा हात: इस्पिकचे एक्का, राजा, गुलाम, दश्शी, पंजी, बदामचे एक्का, सत्ती, चव्वी, चौकटचे एक्का, छक्की, तिर्री, किलवरच्या दोन भुक्कड अठ्ठी-पंजी. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, असे मोजले तर सोळा पॉइंट. नानींचा हात: इस्पिकची राणी, सत्ती, तिर्री, बदामची एकुलती एक छक्की, चौकटचा राजा, अठ्ठी, पंजी, दुर्री, किलवर गुलामापासून खाली पाच. सहा पॉइंट.

आता इथे थोडं थांबते, कारण भांडण कळायला एवढं कळलं पाहिजे. जोडात एकूण पॉइंट चाळीस. इस्पिकचे चार बोललं म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी दहा हात करून दाखवायचे, आणि त्यासाठी दोघांचे मिळून साधारण पंचवीस तरी असावेत असा ढोबळ हिशेब. इथे बावीसच. नाना म्हणाले एक इस्पिक. नानी म्हणाल्या दोन इस्पिक, म्हणजे 'पानं तुमच्या रंगाला आहेत, पण माझ्याकडे फार काही नाही'. यावर नानांना तीन म्हणता आलं असतं. तीनचा अर्थ प्रश्न असतो: 'तुझ्याकडे आणखी थोडं आहे का? असेल तर चारवर ने, नसेल तर इथंच राहू.' नाना थेट चारवर.

"तीन म्हणायला काय जात होतं त्यांचं?" नानी म्हणाल्या. "विचारायचं ना! चाळीस वर्षं झाली लग्नाला, घराला रंग द्यायचा तरी विचारलं नाही. भिंत हिरवी झाल्यावर सांगितलं."

"आणि विचारलं असतं तर?"

नानी जरा थांबल्या. "सहाच पॉइंट. पासच म्हटलं असतं मी."

खरं सांगायचं तर ही पानं भिंतीवर मांडल्यावर मला नानांची बोली चुकलेली वाटली नाही. नानींकडे बदामचं एकच पान आहे. म्हणजे नानांच्या हातातल्या बदामच्या दोन वाया जाणाऱ्या पानांवर नानींचे छोटे हुकूम मारता येतात. पाच हुकूम हातातले, बदामचा एक्का, चौकटचे एक्का-राजा, आठ झाले. त्यावर हे दोन. मोजून दहा. पानंच तशी होती.

"मग बुडाले कशाला?"

"घाई!" नानींनी बिबडा असा आपटला की धोतरावर शिंतोडे. "समोरच्यांनी किलवरचे दोन हात घेतले, मग चौकट टाकली. यांनी एक्क्याने घेतली आणि लागले हुकूम काढायला. एक्का, राजा, गुलाम, ओळीने. समोरच्यांचे पाच हुकूम निघाले खरे, पण त्याच तीन फेऱ्यांत माझी तिर्री गेली, सत्ती गेली, राणी गेली. बदामवर मारायला माझ्याकडे उरलं काय, कप्पाळ? आठ हात झाले. दोन कमी."

ही सवय सगळ्या पत्तेवाल्यांची. समोरच्याच्या हातात हुकूम आहे म्हटलं की झोप लागत नाही, आधी ते काढून घ्यायचे. पण डमीच्या, म्हणजे पानं उघडी टाकून बसलेल्या भिडूच्या, हातात हुकूम मारण्याजोगं पान असेल तर थांबावं लागतं. चौकटचा पहिला हात डमीतल्या राजाने घ्यायचा, एक्का परतीच्या वाटेसाठी ठेवायचा. मग बदाम एक्क्याला, बदाम डमीत मारायचा, चौकटच्या एक्क्याने हातात यायचं, दुसरा बदाम मारायचा, आणि त्यानंतर हुकूम. पाच हुकूम बाहेर असले की ते तीन-दोन विभागलेले असण्याची शक्यता 68 टक्के. उरलेला धोका कापसाला पाणी देतानाही घेतो आपण.

"आणि मी डमी!" नानी पुढे म्हणाल्या. "पानं उघडी टाकून गप बसायचं. माझी पानं आणि मीच बोलायचं नाही. माझी राणी जाताना मी बघून राह्यली, पण तोंड उघडता येत नाही. फक्त एवढं विचारता येतं, 'भिडू, हा रंग संपला का?' ते मी विचारलं. संपलेला नव्हता तरी विचारलं. रागानं."

यात गंमत अशी की नानी दोनवर म्हणाल्या होत्या तिथेच डाव थांबला असता, तर नानांनी त्याच आंधळ्या घाईने खेळूनही बरोबर आठच हात केले असते आणि 110 गुण मिळाले असते. बोली धाडसी आणि खेळ भित्रा, ही त्या दिवशीची भानगड. पण नानींचा राग खेळावर नव्हताच. त्या 'न विचारता'वरच अडून बसल्या होत्या.

"नशीब," मी म्हटलं. "पानंच तशी पडली."

"नशीब कसलं? तीच पानं पाचही टेबलांवर गेली. ट्रेमध्ये घालून फिरवतात ना. तीन जोड्यांनी दहा केले. 420 गुण. आम्हाला उणे शंभर." एका माणसाला तेरा पानं येण्याचे प्रकार 63 हजार 501 कोटींच्या वर आहेत म्हणे, आणि एवढ्यांतून आलेली ही एक वाटणी पाच टेबलांवर तशीच फिरली. रमीत, तीन पत्तीत नशिबाला शिव्या घालून घरी येता येतं. इथे तेही जमत नाही. रमीवर 1967 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की ती मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे आणि तिच्यात नशीब असतं ते ब्रिजच्या वाटणीतल्या नशिबासारखंच. नाना हा निकाल गल्लीत सगळ्यांना ऐकवत. धुळ्याच्या डावापासून ऐकवत नाहीत.

एवढ्यात आमच्या सासूबाई ओट्यावरून खाली आल्या. धुळ्याच्या. भिंतीवर पत्ते बघून म्हणाल्या, "हाऊ कोन्ता खेय शे वं?" मी सांगितलं. "पत्ता खेयाले बायकोले संगे लयी जातस?" त्यांचा विश्वास बसेना.

मग बोलीचा विषय निघाल्यावर त्यांनी रुमालाची गोष्ट काढली. सासरे धुळ्याला अडत्याकडे कामाला होते. जुन्या काळी कापसाचा भाव तोंडाने ठरत नसे. दलाल आणि घेणारा रुमालाखाली हातात हात घालत, बोटं दाबून आकडा सांगत. कापूस पिकवणारा शेजारी उभा, त्याला पत्ता नाही. कारंज्याला 1886 साली नियम घालून कापसाचा बाजार सुरू झाला, मुंबई इलाख्यात 1927 साली कापूस बाजाराचा कायदा आला, मग बाजार समित्यांनी हळूहळू तो रुमाल बाजूला केला आणि उघड लिलाव आणला.

"बोली सगळ्यांसमोर असावी," त्या म्हणाल्या. मग मला आठवलं, ब्रिजलाही हेच. भिडूशी आपला जो काही संकेत ठरला असेल तो समोरच्यांना सांगावा लागतो, विचारलं तर समजावून द्यावा लागतो. गुपचूप बोटांची भाषा म्हणजे खेळच संपला. 1965 साली ब्युनोस आयर्सला जागतिक स्पर्धेत रीस आणि शापिरो या दोन ब्रिटिश दिग्गजांवर ठपका आला तो हाच, की पत्ते धरताना बोटांच्या संख्येवरून बदाम किती आहेत ते सांगतात. जागतिक संघटनेने दोषी धरलं, इंग्लंडमधल्या चौकशीने सोडलं, आणि भांडण दोघांच्या मरणापर्यंत पुरलं.

"म्हणजे आमच्यात रुमाल नाही, तरी नाना मला काही सांगत नाहीत," नानी म्हणाल्या.

"बरं आहे, तुमच्याकडे पिस्तूल नाही," मी म्हटलं. ही गोष्ट नानांनीच आम्हाला हसत हसत सांगितलेली. कॅन्सस सिटी, सप्टेंबर 1929. बेनेट नवरा-बायको शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत होते. नवरा एक इस्पिक म्हणाला, शेवटी चार इस्पिकवर डाव आला, नवऱ्याने बुडवला. शब्दाला शब्द, मग थप्पड, मग बायकोने पिस्तूल आणलं. नवरा गेला. 1931 साली ज्युरीने तिला निर्दोष सोडलं.

"त्यांच्यात चारवर बायको गेली होती," नानी शांतपणे म्हणाल्या. "आमच्यात तर नवराच गेला."

"पण नाना अजून सुधारतील, तसे वयाने काय फार नाहीत. 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक आणलं ना ब्रिजमध्ये? बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते."

"ते एकमेकांना विचारत असतील."

गाडीचा आवाज आला. नानांची स्कूटर. पिशवीत शेव आणि पालेभाजी, चेहरा खाली. त्यांनी भिंतीवरची पानं पाहिली, चटकन ओळखली. इस्पिकची राणी हळूच सरकवून बदामच्या सत्तीवर ठेवली, जणू कालचा डाव आता दुरुस्त होतो की काय. मग घसा खाकरला.

"शेवभाजी करायची का संध्याकाळी? की पालेभाजी?"

नानींनी माझ्याकडे पाहिलं.

"बघ. आता विचारून राह्यले."

आणि बिबडा उलटायला वाकल्या.