ती वाचत नाहीये, प्रवास करतेय

न्यू जर्सी

आई-बाबा,

नातीची खुशाली रोज व्हिडिओवर कळतेच, म्हणून थेट तक्रारीवर येते. तक्रार बाबांविरुद्ध आहे.

आधी इथलं सांगते. किंडरगार्टनमधून शब्दांच्या पट्ट्या घरी येतात: सेड, वॉज, वन, ऑफ. हे ‘साइट वर्ड्स’. अक्षरं जुळवत बसायचं नाही, तोंडावरून ओळखायचं. इलिनॉय विद्यापीठातल्या एडवर्ड डॉल्च नावाच्या प्राध्यापकांनी १९३६ मध्ये मुलांच्या पुस्तकांत सारखे भेटणारे २२० शब्द वेगळे काढले. त्यांत एकही नाम नाही, त्यामुळे पट्टीवर चित्र काढायची सोयच उरली नाही. ‘ऑफ’चं चित्र काय काढणार? शिवाय त्यात लिहायचा एफ आणि म्हणायचं व्ह!

बाबा, तुमचा जन्म लोकलमध्ये गेला, तुम्हाला हे चटकन समजेल. इंडिकेटरवर के लागला की कल्याण. पण कर्जतला एस आणि कसाऱ्याला एन. असं का, हे विचारत बसणारा फलाटावरच राहतो.

तिच्या बाई मात्र अख्खा शब्द पाठ करून घेत नाहीत. ‘सेड’मधले एस आणि डी सरळ वागतात, मधले ए-आय तेवढे वाकडे. त्या दोघांवर छोटासा बदाम काढायचा, तेवढंच लक्षात ठेवायचं. बाकीच्या अक्षरांचे आवाज जोडायचे. वाचन कसं शिकवावं यावरून इथे बरंच रान उठलंय. २०२२ मध्ये ‘सोल्ड अ स्टोरी’ हा पॉडकास्ट आला, आणि मुलांना चित्र बघून शब्दाचा अंदाज बांधायला शिकवणाऱ्या पद्धतीची त्याने पार सालं काढली.

आता तक्रार. तुम्ही तिला मराठी शिकवायला स्टेशनांच्या पाट्या घेतल्यात. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, सगळं धडाधड म्हणते. तुम्ही कौतुकाने आईला हाक मारता. पण बाबा, ती वाचत नाहीये, प्रवास करतेय. परवा एका शुभेच्छापत्रावर ‘दिवाळी’ दिसलं. ‘दिवा’ म्हणाली, आणि ‘ळी’कडे ढुंकूनही न बघता ‘कोपर’ म्हणून मोकळी झाली.

आपल्या लिपीत बदाम काढायला जागा शोधावी लागते. ‘चमचा’तल्या दोन ‘च’चं आपसांत पटत नाही, असे काही नग सोडले तर अक्षर दिसतं तसं बोलतं. आणि तुमच्या पाट्यांत तर अख्खा अभ्यासक्रम आहे. कळव्याला ळ, मुंब्र्याला अनुस्वार आणि जोडाक्षर, ठाकुर्लीला रफार, कल्याणला ल्य. मग पाठांतर कशाला?

तेव्हा उद्यापासून पाट्या उलटसुलट दाखवा. अक्षरं सुटी करा. कळव्याचा ‘कळ’ आणि कोपरचा ‘प’ घेतला की ‘कळप’ होतो; सकाळच्या डोंबिवली लोकलचं वर्णन करायला तो पुरेसा आहे. कर्जत आणि कसारा मात्र ती मोठी झाल्यावर.

आणि आई, ती अडली की तू ओठ हलवून उत्तर सांगतेस. ते इथे स्क्रीनवर स्पष्ट दिसतं.

तुमची,
लेक