रंगीत नगरी

डोंबिवलीकरांना रंगपंचमीचं काय अप्रूप? २०१४च्या जानेवारीत तिथे हिरवा पाऊस पडला, २०२०च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री तो बघून गेले. तळोजा मागे कसा राहील? २०१७मध्ये तिथली भटकी कुत्री निळी होऊन हिंडू लागली, देशभर फोटो झळकले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद केला. तिथल्याच कासाडी नदीच्या प्रदूषणाबद्दल मच्छीमार त्याआधीपासूनच ओरडत होते. पण मासे निळे पडत नाहीत, नुसतेच मरतात. बातमीत शोभत नाहीत.

उपाय काही रॉकेटविद्या नाही. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचंच घ्या : सुती कापडाला न चिकटलेला रंग धुण्याच्या पाण्यातून वाहून जातो. शेवटच्या धुण्याचं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरलं, तर पाणी वाचतं, सांडपाणीही घटतं. फक्त त्यासाठी टाकी लागते, पाइप लागतो. नाल्यात सोडायला नुसती रात्र पुरते.

जल प्रदूषणाचा कायदा १९७४चा, पन्नाशी उलटलेला. त्यामुळे बहुधा लवकर झोपत असावा. तेव्हा मंडळाच्या साहेबांना एकच विनंती : नमुने घ्यायला जरा मध्यरात्रीनंतर या.