चौथी सीट

लोकलमध्ये आमच्या मोठ्या काकूला चौथी सीट लागते. मिळते म्हणून नव्हे, लागते. बाकडं तिघींचं, चौथीनं कडेला अर्धं बूड टेकायचं आणि उरलेलं अर्धं देवाच्या हवाली करायचं. दुपारच्या रिकाम्या डब्यातसुद्धा काकू तिथंच.

"काकू, सरक ना आत."

"असू दे गं, कुणी आलं म्हणजे?"

डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत कुणी येत नाही. खिडकीशी ऐसपैस बसल्याबद्दल आपणच ओशाळतो.

घरातही करपलेली पोळी, फुटका मोदक, पंख्याचा वारा न लागणारा कोपरा तिचाच. आंब्याच्या फोडी आमच्या, बाठा तिचा. "मला बाठाच आवडतो," असं ती म्हणायची आणि आम्ही ते वर्षानुवर्षं खरं मानलं. मग एकदा नव्या सुनेनं कौतुकानं बाठा तिच्या पानात वाढला. काकू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वाढ. सवय आहे मला." त्या दुपारी घरात कुणाचा डोळा लागला नाही.

ती कधी बोलून दाखवत नाही, हीच पंचाईत. बोलली असती तर भांडून मोकळे झालो असतो. ती फक्त गुडघा दाबते आणि बारीक आवाजात "असो" म्हणते. त्या एका 'असो'पायी चुलतभावानं बंगळूरची नोकरी नाकारली. मी अपराधी वाटून तिला साडी घेतली, तर तिनं ती सुनेला देऊन टाकली. आता सूनही देणेकरी. १९९१ साली 'माहेरची साडी' बघताना सगळं थिएटर हुंदके देत होतं. काकूचे डोळे कोरडे. "एवढं काय त्यात?" म्हणाली. जाणकार नजर ती!

पण तिला ढोंगी म्हणवत नाही. १९८२च्या गिरणी संपात काका घरी बसले, तेव्हा तिनं पाटल्या मोडल्या, पापड लाटले आणि "माझं जेवण झालंय" असं खोटं सांगून पोरांना वाढलं. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. काकूनंही घेतलेला नाही.

गेल्या मे महिन्यात मी हट्टानं हापूसची पहिली फोड तिच्या तोंडात कोंबली. डोळे मिटून, सावकाश खाल्लीन.

"आंबट आहे," म्हणाली. "बरं झालं, मलाच आली."

आंबा साखरेसारखा होता. त्याचा बाठा मीच चोखत होते.