गुणवंतांचं कळसदर्शन

बारावीचा निकाल लागला की पंढरपुरात दोन धंदे तेजीत येतात, फ्लेक्सचा आणि शालींचा. फ्लेक्सवर सगळ्यात वर साहेब, त्यांच्या खालोखाल दादा, भाऊ आणि भैया, तळाला 'शुभेच्छुक' म्हणून गोल गोल चौकटींत वीस-बावीस चेहरे, आणि मधे कुठेतरी पासपोर्ट आकारात ९१ टक्के मिळवलेली मुलगी. फोटो तिच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरून उचललेला. त्यामुळे ती पहिली आली आहे की हरवली आहे, हे लांबून कळत नाही.

हे फ्लेक्स आषाढीपर्यंत टिकतात. मग मुख्यमंत्री महापूजेला येतात, स्वागताचे नवे फ्लेक्स लागतात आणि गुणवत्ता त्यांच्या मागे जाते.

पण गुणवंतांच्या पाठीशी सरकार आहे. 'राज्य शासनाची खुली गुणवत्ता शिष्यवृत्ती' अशी भारदस्त नावाची योजनाच आहे. पहिल्या प्रयत्नात, किमान ६० टक्के मिळवून बारावी झालेल्यांनी अर्ज करावा. निवड झाली की महिन्याला रुपये १००, तेही वर्षातले दहा महिने. उरलेले दोन महिने गुणवत्ता सुट्टीवर असते.

शंभर म्हणजे काहीच नाही, असं म्हणणारे लोक इतिहास वाचत नाहीत. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महिना २५ रुपये देत असत. पुढे १९१३ साली याच तरुणाला कोलंबिया विद्यापीठात पाठवताना त्यांनी महिना साडेअकरा पौंड मंजूर केले, तो भाग सोडा. राजेलोकांना हिशोब कळत नसे. पण २५चे १०० झाले, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांत रक्कम चक्क चौपट झाली. आणखी काय वाढवायची?

शिवाय सरकारच्या मायेला एक शिस्त आहे. २०२३ साली शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेची रक्कम वाढवली: यादीत आलेल्या पाचवीच्या मुलाला वर्षाला ५,००० रुपये, आठवीच्या मुलाला ७,५००. म्हणजे घरात पाचवीतला भाऊ पाच हजाराचा मानकरी आणि कॉलेजातली ताई एक हजाराची. लेकरू शहाणं होत जाईल तसे लाड कमी करावेत, हे जुनं वळण आहे. एसटीनेही ते सांभाळलंय. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून मुलींना बारावीपर्यंत पास फुकट. बारावीत नव्वद टक्के पाडले की फुकट पास बंद! करकंबहून रोज पंढरपूरच्या कॉलेजात येणाऱ्या मुलीने नापास व्हायला हवं होतं, निदान प्रवास तरी सुटला असता. आषाढीला रांगेतून निवडलेल्या मानाच्या वारकरी दांपत्याला वर्षभराचा एसटी पास मिळतो, तो मिळायलाच हवा. त्यांच्याकडे मार्कशीट मागत नाहीत, हे त्यांचं नशीब.

(व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची फी २०२४ पासून पूर्ण माफ केली, ते मात्र चांगलं केलं. टीकाकाराला अशी वाक्यं कंसात लिहावी लागतात, नाहीतर सदराची लय बिघडते.)

आम्हा पंढरपूरकरांना ही सगळी व्यवस्था लगेच समजते, कारण दर्शनाचे प्रकार आम्हाला पाठ आहेत. बोर्डातल्या पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकायला घेणाऱ्याला केंद्राची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती, वर्षाला ८०,०००. हे पदस्पर्श दर्शन. डोकं थेट पायावर. बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या, साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना केंद्राचीच दुसरी, वर्षाला १२,०००, देशभरात मिळून ८२,००० जणांना. हे मुखदर्शन, लांबून, पण देव दिसतो. आणि राज्याचे महिना शंभर म्हणजे कळसदर्शन. गर्दीत आत जाता आलं नाही तर बाहेरून कळसाला हात जोडायचे आणि गावाकडची वाट धरायची. फरक इतकाच की कळसाला हात जोडायला आधार कार्ड लागत नाही.

इथे लागतं. निकाल मे महिन्यात, प्रवेश जून-जुलैत, म्हणजे दाखल्यांची धावपळ बरोबर वारीच्या तोंडावर. तेव्हा महसूलचा माणूस टेबलावर नसतो, वाखरीच्या पालखीतळावर असतो. लाखो माणसं गावात यायची असताना एका मुलीचा अधिवासाचा दाखला थांबला तर तक्रार कुणी करावी? तिच्या घरात चार पिढ्या देवाच्या दारात बत्तासे आणि बुक्का विकतायत, तरी ती महाराष्ट्रातलीच असल्याचा कागद पाहिजेच.

स्टेशन रोडवरच्या एका ई-सेवा केंद्रात ही मुलगी वडिलांना घेऊन बसलेली. केंद्रचालकाची नजर स्क्रीनवर.

"वडलांचं नाव?"

"विठ्ठल."

"टी किती?"

मुलगी म्हणाली, "आधारला दोन, मार्कशीटला एक."

"मग अर्ज परत येतोय बघा. गावातले निम्मे अर्ज ह्याच्यावरच अडकत्यात. दोन्ही इसम एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा."

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "देव एकच हाय, असं लिहून दिलं तर चालंल का?"

प्रतिज्ञापत्र झालं. खातं आधारला जोडलं. ज्या जुन्या नंबरवर ओटीपी जायचा तो बंद पडला होता, त्यावर रिचार्ज मारलं. मुलगी हुशार, वहीच्या मागच्या पानावर खर्च लिहीत होती, पण रुपयांत नाही, गुणवत्तेत. झेरॉक्स, अर्धा आठवडा. केंद्राची फी, एक महिना. प्रतिज्ञापत्र, दोन महिने आणि वर काही दिवस. दुकान बंद ठेवल्याचं नुकसान तिने मांडलं नाही. ते धरलं असतं तर पदवी मिळेपर्यंतची गुणवत्ता तिथेच संपली असती.

माझी सरकारला एक नम्र सूचना आहे. शंभर रुपये रोख देऊ नका, नारळ द्या. सत्कारात तो देतातच. शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प यांतलं श्रीफळ फक्त शासननिर्णयात घ्यायचं. महिन्याला दोन नारळ, दहा महिन्यांचे वीस. रोख रक्कम वाढवायला समिती लागते, वित्त विभागाची संमती लागते, अधिवेशन लागतं. नारळाचं तसं नाही, तो बाजारात आपोआप महाग होतो. राज्यातल्या गुणवत्तेचा भाव त्याच्याबरोबर दरवर्षी चढत राहील, एकही फाइल न हलता. पोर्टल नको, ओटीपी नको. नारळाला टी एक की दोन, हेही कुणी विचारणार नाही.

हा बेत मी त्या मुलीच्या वडिलांना दुकानात जाऊन सांगितला. बुक्क्याची पुडी बांधता बांधता त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणा की," ते म्हणाले. "पण माघारी घेताना नगाला पाच रुपये कमी देणार. आन् कार्तिकीच्या आत आणा म्हणावं, नंतर गिऱ्हाईक नसतंय."