मासिक पासावर पटकथाकार कसे व्हावे

पटकथाकार व्हायचे तर अंधेरीला राहायला जावे लागते, हा गैरसमज मुख्यतः अंधेरीतल्या घरमालकांनी पसरवला आहे. शं. ना. नवरे डोंबिवलीचे. ‘घरकुल’, ‘कैवारी’, ‘कळत नकळत’, ‘तू तिथं मी’ या पटकथा त्यांच्या नावावर आहेत, कथा आणि नाटके वेगळीच. रवी जाधव डोंबिवलीत वाढले, जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकले, जाहिरातक्षेत्रात नोकरी केली आणि २०१० साली ‘नटरंग’ घेऊन आले. तेव्हा पत्ता आड येत नाही. आड येतात त्या बाकीच्या गोष्टी, आणि त्यांचा क्रमवार बंदोबस्त कसा करावा यासाठी ही मार्गदर्शिका. ती ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या, खिशात मासिक पास असलेल्या होतकरूंसाठी आहे. क्रम अधूनमधून चुकेल. मध्य रेल्वेचाही चुकतो.

सर्वप्रथम नोकरी. ती सोडू नये. ‘कलेसाठी नोकरीवर लाथ मारली’ हे वाक्य मुलाखतीत फार शोभते, पण मुलाखत यश मिळाल्यावर घेतात आणि मधल्या काळातला गृहकर्जाचा हप्ता मुलाखतकार भरत नाही. बँका, विमा कंपन्या, शाळा आणि सरकारी कचेऱ्या यांनी मराठी नाटक-सिनेमाला जेवढे भांडवल पुरवले तेवढे कुठल्याही निर्मात्याने पुरवले नसेल. फक्त त्यांना ते ठाऊक नसते आणि श्रेयनामावलीत त्यांचे आभारही कोणी मानत नाही.

घरी ‘मी पटकथा लिहितो’ असे एकदम जाहीर करू नये. केल्यास पुढील प्रश्नोत्तरे अटळ आहेत.

“म्हणजे तू दिसणार कधी?”

“दिसणार नाही गं आई. मी लिहितो.”

“म्हणजे ते बोलतात ते?”

“ते संवाद. ते दुसरा लिहितो.”

“मग गोष्ट तुझी?”

“कथा तिसऱ्याची.”

“मग तू नक्की काय करतोस?”

या प्रश्नावर होतकरूने गप्प राहावे. मराठी चित्रसृष्टीतही मानधन ठरवायच्या दिवशी निर्माता हाच प्रश्न विचारतो, तेव्हा आईकडे सराव झालेला बरा.

आता लेखनाची जागा. बंगला, खिडकी, खिडकीबाहेर गुलमोहर वगैरे विसरावे. सकाळी डोंबिवलीला चढणाऱ्याला जागा मिळत नाही, म्हणून उलटे कल्याणला जावे आणि त्याच गाडीत बसून परत यावे. याला इकडे ‘रिटर्न’ म्हणतात आणि त्यावरून कल्याणकरांशी होणारी बाचाबाची हा संवादलेखनाचा पहिला मोफत वर्ग होय. चौथ्या सीटवर अर्धे शरीर टेकवून माणूस किती कमी शब्दांत किती अपमान करू शकतो, हे तिथे कळते. होतकरू लेखिकेला तर महिलांच्या डब्यात सासू, साहेब, शेंगा सोलणे आणि कानातल्यांची खरेदी असे चार उपकथानकांचे पदर घाटकोपर येईपर्यंत एकाच वेळी ऐकायला मिळतात. एवढे करून होतकरू कानात इअरफोन घालतो आणि लिहितो काय, तर कोकणातला वाडा आणि त्यात अमावास्येला दिसणारी बाई. कोकणात तो लहानपणी मे महिन्यात गेलेला असतो, त्यानंतर नाही. विचारले तर म्हणतो, “आपल्याकडे लिहिण्यासारखं आहे काय?”

आहे काय ते बाहेरच्यांनी हेरून ठेवले आहे. निशिकांत कामत यांनी २००५ मध्ये ‘डोंबिवली फास्ट’ केला. बँकेतला माधव आपटे, रोजची तीच गाडी, तीच घाई, आणि एक दिवस त्याचे डोके फिरते. सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे तमिळमध्ये माधवनला घेऊन तोच सिनेमा झाला, म्हणजे आपला वैताग चेन्नईलाही कळला. २०१९ मध्ये ‘डोंबिवली रिटर्न’ आला, २०२२ मध्ये ‘झोंबिवली’. सारांश, फास्ट गेली, रिटर्न गेली, झोंबीही गेले. स्लो लोकल अजून शिल्लक आहे. होतकरूने त्वरा करावी. दिवा स्थानकावर तर कोणी हातच घातलेला नाही असे वाटते, पण तिथे हात घालायला आधी उतरता आले पाहिजे.

पटकथेच्या तंत्राबद्दल फार सांगत नाही. एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, दृश्याच्या डोक्यावर आत की बाहेर, दिवस की रात्र हे लिहायचे, तीन अंक असतात आणि मधला लांबतो. उरलेले अमेरिकन पुस्तकांत आहे. ती पुस्तके विकत घेणे हा न लिहिण्याचा सर्वात प्रतिष्ठित मार्ग आहे.

खरे शिक्षण एकांकिकेत. जोशी-बेडेकर, पेंढरकर, बिर्ला या महाविद्यालयांच्या परिसरात कुठल्याही संध्याकाळी जावे. कुठल्या तरी वर्गात बाके बाजूला सारून कोणी तरी कोणाला तरी मारत असतो. ती एकांकिका स्पर्धेची तालीम असते. या स्पर्धांचा कळस म्हणजे चतुरंगची सवाई, २५ जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालणारी. स्पर्धेत परीक्षक म्हणतात, ‘विषय चांगला, पण लेखकाने अजून खोलात जायला हवं होतं.’ चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत किती खोल जाणार हा प्रश्न विचारू नये. बक्षीस दुय्यम. महत्त्वाचे हे की, त्या वर्षी प्रकाशयोजना सांभाळणारा पोरगा पुढे वाहिनीत ‘क्रिएटिव्ह’ होतो आणि पडदा ओढणारी मुलगी दिग्दर्शकाची सहायक. गडकरी रंगायतनच्या मागच्या दाराशी ज्याच्याबरोबर चहा अर्धा अर्धा प्यायलात, त्याचा फोन नंबर जपून ठेवा. अंबर हडप आणि गणेश पंडित यांच्या नाटकातूनच रवी जाधवांचा ‘बालक पालक’ झाला, हेही ध्यानात असू द्यावे.

यानंतर नॅरेशन, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवणे. २०१४ पासून यातला एक अडथळा सरकारने दूर केला आहे: घाटकोपरला उतरावे, मेट्रो पकडावी, वर्सोव्यापर्यंत जावे. त्याआधीचे होतकरू दादरचा पूल ओलांडून पोहोचेपर्यंत त्यांच्या नायकाचे वय वाढलेले असे. भेट कॅफेत ठरते. कॉफीचे पैसे कोण देणार हे अस्पष्ट असते, म्हणून पाणी मागवावे. सर्वांना ‘सर’ म्हणावे. शेजारी मोबाइल चाळत बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलालाही, कारण तो निर्मात्याचा भाचा असण्याची शक्यता मोठी.

गोष्ट सुरू करताच फोन येतो. फोन संपल्यावर सुरुवातीपासून सांगावी लागते. तिसऱ्या खेपेला आपल्यालाच कळते की मध्यंतर चुकीच्या जागी आहे; या अर्थाने निर्माता उत्तम संपादक असतो. मग तो डोळे मिटतो आणि म्हणतो, “छान आहे. हे लंडनला घडवता येईल का?”

“सर, गोष्ट पत्री पुलाची आहे.”

“हो, पण तिकडे शूट केलं की खर्चातला काही भाग तिथलं सरकार परत देतं. पूल तिकडेही आहेत.”

यावर लगेच नाही म्हणू नये. होही म्हणू नये. “सर, बघतो,” म्हणावे, कारण तोही शेवटी तेच म्हणणार आहे. ‘बघू’ याचा अर्थ नाही. ‘कळवतो’ याचा अर्थ नाही. ‘इंटरेस्टिंग आहे’ याचा अर्थ त्याने ऐकलेले नाही. ‘एक ड्राफ्ट लिहून तर बघा’ याचा अर्थ पैसे नाहीत. या व्यवसायात स्पष्ट नकार मिळाला तर देणाऱ्याचे पाय धरावेत, त्याने तुमचे एक वर्ष वाचवलेले असते.

इथे क्षणभर गंभीर होतो. गोष्ट ऐकवायच्या आधी ती स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी. घरबसल्या होते, पानांच्या हिशेबाने शुल्क पडते, ते कॉफीपेक्षा जड नाही. ‘माझी आयडिया चोरली’ म्हणून फडके रोडवर उभे राहून ओरडण्यात अर्थ नाही, कारण कल्पनेवर मालकी नसते, मांडणीवर असते. आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा १९५६ चा चित्रपट उचलला, असा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९७८ मध्ये, आणि तो नाटककाराच्या विरुद्ध. आनंद व्यवसायाने वास्तुविशारद होते. नोकरी-धंद्याबद्दल वर जे सांगितले ते उगीच नाही. कायद्याने आपल्या बाजूनेही एक गोष्ट केली आहे: २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहाबाहेर कृतीचा वापर झाला तर पटकथाकाराला रॉयल्टीत वाटा आहे आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. करारात तो लिहून घेणारे कलम असतेच. तिथे बोट ठेवल्यावर समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

चित्रपट अडला की मालिका. ठाणेकरांचे भाग्य असे की घोडबंदर रस्त्यावर मालिकांची चित्रीकरणे चालतात. दुर्भाग्य असे की त्यांच्या मीटिंगा अंधेरीत होतात, त्यामुळे ठाण्यात शूट होणाऱ्या दृश्याविषयी बोलायला ठाण्याचा लेखक पश्चिम उपनगरात जातो. मालिकेचे कथानक लेखक ठरवतो असा समज असतो. प्रत्यक्षात ते गायमुखचा घाट ठरवतो. सासू कोंडीत अडकली की दुपारी फोन येतो, “सर, सासूशिवाय सीन करून द्या.” मग सून देवघरात एकटीच बोलते आणि प्रेक्षक म्हणतात, काय खोल लिहिलंय. नटाचे पैशावरून बिनसले की पात्र गावी जाते. ते परत येईल अशी सोय ठेवूनच गावी पाठवावे. अपघातात मारलेला नट तडजोड करून परत आला तर जुळा भाऊ लिहावा लागतो, आणि तो आळ संवादलेखकावर येतो.

पैसे भागागणिक ठरतात आणि साधारण नव्वद दिवसांनी मिळतात, तेही आठवण करून दिल्यावर. आठवण सकाळी अकरानंतर करावी, आवाजात गरज दिसू देऊ नये, आणि ‘सर, सहजच फोन केला’ अशी सुरुवात करावी. रक्कम आली की त्यातून दहा टक्के टीडीएस कापलेला दिसेल. वाईट वाटून घेऊ नये. तो व्यावसायिक सेवेच्या कलमाखाली कापतात. म्हणजे घरचे, शेजारचे आणि निर्माता अजून विचारात असले, तरी तुम्ही व्यावसायिक लेखक आहात हे आयकर खात्याने लेखी मान्य केलेले आहे. त्या नोंदीची प्रत काढून आईला दाखवावी.